छतावरची नक्षी निओक्लासिकल आहे हे ओळखायचं कसं?

लंडनकर_सुमा
नमस्कार मंडळी. आईबाबा इकडे आलेत म्हणून त्यांना ऑस्टरली हाऊसला घेऊन गेले होते, आर्किटेक्ट रॉबर्ट अ‍ॅडमने अठराव्या शतकात सजवलेलं घर आहे. एंट्रन्स हॉलमध्ये छतावरच्या प्लास्टरच्या डिझाइनला जुळणारंच डिझाइन खाली संगमरवरी फरशीत केलंय, बाबा तर मान वर करून उभेच! पण त्यांनी विचारलं की याला निओक्लासिकल (म्हणजे प्राचीन ग्रीक-रोमन कलेवर बेतलेली शैली) का म्हणायचं, पानं फुलं माळा तर त्याआधीच्या बरोक आणि रोकोको या युरोपियन शैलींमध्येपण असतात, तर मला नीट सांगता येईना. फरक कसा ओळखायचा? आणि त्या पंख्यासारख्या उघडलेल्या फुलाला काय म्हणतात?

रेघोट्या
ते फूल म्हणजे अँथेमियन, ग्रीक देवळांवर आणि रंगवलेल्या भांड्यांवर असायचं तिथून आलंय. काटकोनात वळत जाणारी पट्टी ती ग्रीक की, वेणीसारखी गुंफलेली गिलोश, बशीएवढं गोल फूल ते पटेरा.
पण नावांपेक्षा उठाव बघा. बरोकमध्ये फळं, पानं, देवदूत अक्षरशः भिंतीतून बाहेर येतात. रोकोकोमध्ये शिंपल्यांचे वळसे, आणि डावी बाजू उजवीसारखी असेलच असं नाही. अ‍ॅडमकडे सगळं पातळ, चपटं, मधल्या रेषेच्या दोन्हीकडे सारखं आणि आजूबाजूला भरपूर मोकळी जागा. मला तर ती मोकळी जागाच सगळ्यात आवडते.

जुनी_खुर्ची
रेघोट्या यांना +१. हे पातळपण आलं कुठून तेही सांगतो. १७३८ ला हर्क्युलेनियम आणि १७४८ ला पॉम्पेई या ज्वालामुखीने गाडलेल्या रोमन शहरांचं खोदकाम सुरू झालं आणि रोमन लोकांची राहती घरं आतून कशी होती ते दिसायला लागलं, तोवर डोळ्यासमोर मुख्यतः देवळं आणि कमानी. अ‍ॅडम स्वतः इटलीत राहिला, १७५७ मध्ये स्प्लिटला (आताच्या क्रोएशियात) जाऊन रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या राजवाड्याची मापं घेतली, १७६४ ला त्याचं पुस्तक काढलं. त्याचं ठाम म्हणणं होतं की देवळाची जड नक्षी रोमन लोक राहत्या खोल्यांत वापरत नव्हते, आणि ते मला शंभर टक्के पटतं, झोपायच्या खोलीत देवळाची कॉर्निस (छताखालची पुढे आलेली पट्टी) डोक्यावर कशाला हवी? सुमाताई, तिथली एट्रुस्कन (इटलीतल्या प्राचीन एट्रुरियाच्या लोकांवरून नाव) ड्रेसिंग रूम बघितली ना? काळ्या आणि विटकरी रंगातली, ती प्राचीन भांड्यांवरून घेतलीय. त्याच लाटेत इंग्लंडमधल्या वेजवुड या कुंभाराने १७६९ ला चिनीमातीच्या भांड्यांचा कारखाना काढला त्याचं नावपण एट्रुरिया.

चुना_आणि_वाळू
मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत आहे, कामाच्या बाजूने सांगतो. यातले बरेच तुकडे साच्यातून काढून मग चिकटवतात म्हणून तोच अँथेमियन ओळीने पुन्हा पुन्हा दिसतो. आणि पट्टीचा आकार जसा तशी नक्षी. बाहेर फुगलेल्या गोलसर पट्टीवर एग अँड डार्ट, म्हणजे अंडं, बाण, अंडं, बाण. तिच्याखालच्या बारीक पट्टीवर मणी. चांगल्या कामात अंड्याच्या बरोबर मधोमध खाली मणी येतो आणि कोपऱ्यात अर्धं अंडं कापलेलं दिसत नाही, तिथे पान वळवून कोपरा झाकतात. कोपरा बघा, कारागीर कळतो.
मुंबईकरांसाठी: टाउन हॉल, म्हणजे एशियाटिकची इमारत, १८३३ ची. बाहेरच्या खांबांवर पानं शोधू नका, ते डोरिक या ग्रीक पद्धतीचे आहेत, त्यात माथा साधाच असतो. ग्रीक वळणाचं पण अ‍ॅडमपेक्षा कितीतरी भारदस्त काम.

लंडनकर_सुमा
सगळ्यांना खूप खूप धन्यवाद! बाबांना वाचून दाखवलं, आता परत जाऊन कोपरे बघायचेत म्हणतात. अजून एक, भिंतीवर घंटेसारख्या कळ्यांची उभी साखळी होती, वर मोठी आणि खाली लहान लहान होत गेलेली, ती काय?

रेघोट्या
त्याला हस्क म्हणतात, बेलफ्लॉवरपण म्हणतात. अ‍ॅडमच्या काळातल्या लाकडी फर्निचरवरही असते, खुर्च्यांचे आणि टेबलांचे पाय नक्की बघा.