ट्रॅपचा बायपास काढूनच टाकावा का?

खळवाला (इचलकरंजी)
माझं मत आधीच सांगून टाकतो, मग शिव्या घाला. स्टीम ट्रॅपला (पाणी सोडून वाफ अडवणाऱ्या डब्याला) बायपास, म्हणजे त्याला वळसा घालणारी व्हॉल्व्हची लाइन, असूच नये. व्हॉल्व्ह दिसला की माणूस तो फिरवतोच.

सायझिंग आहे माझं, म्हणजे ताण्याच्या सुताला खळ लावून, वाफेच्या सिलेंडरांवर वाळवून बीमवर गुंडाळायचं. एक मशीन, ९ सिलेंडर, सिलेंडरला अडीच किलो प्रेशर. प्रत्येक सिलेंडरला स्वतंत्र बॉल फ्लोट ट्रॅप आणि शेजारी १५ एमएमचा बायपास. परवा रात्रपाळीला न सांगता गेलो, तर ९ पैकी ७ बायपास पाव-पाव फेरा उघडे. सायझरला (मशीन चालवणाऱ्याला) विचारलं तर म्हणतो, "मालक, बंद केलं की सिलेंडर गार पडतोय, बीम ओलं निघतंय. मग तुम्हीच बोलणार."

पाव फेरा म्हणजे साधारण ३ एमएमचं भोक धरलं, तर अडीच किलो प्रेशरला ताशी दहाएक किलो वाफ फुकट जाते. ७ बायपास, २० तास, म्हणजे दिवसाला १४०० किलो. माझ्या बॉयलरला किलोभर ब्रिकेटमधून (भुसा दाबून केलेल्या जळणातून) साडेचार किलो वाफ पडते. रोजचं ३०० किलो ब्रिकेट नुसतं कंडेन्सेट (वाफेचं झालेलं पाणी) टाकीच्या व्हेंटमधून आभाळात. रविवारी वेल्डर बोलावलाय, सगळे बायपास कापून तोंडं कायमची बंद करणार. कुणाचा आक्षेप?

फिटरमामा
माझा हाय. ३० वर्सं पाना हातात हाय, म्हणून सांगतो. बायपास ही चैन न्हवं, ती सोय हाय. सकाळी गार मशीन चालू करताना सिलेंडरात किती पाणी आन किती हवा असती, बघितलंय का कधी? लोखंड तापस्तोवर जे पाणी होतंय ते चालू मशीनच्या दुप्पट-तिप्पट. ते एकट्या ट्रॅपनं काढायचं म्हटलं तर तासभर बीम लागत न्हाई. बायपास उघडायचा, पाणी काढायचं, तापलं की बंद. एवढंच.

आन ट्रॅप अडकला मधेच तर? ताणा सो बॉक्समधी (खळीच्या हौदात) भिजतोय आन तुम्ही वेल्डर शोधत बसणार?

खळवाला
मामा, "तापलं की बंद" हेच होत नाही ना! सकाळी उघडलेला दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उघडाच. आणि चांगल्या फ्लोट ट्रॅपमध्ये हवा काढायला वेगळी थर्मोस्टॅटिक कॅप्सूल असते. गार असताना ती आपोआप उघडी राहते.

कोकणी_रिअ‍ॅक्टर
लोटे एमआयडीसीत केमिकलमध्ये आहे, बॅच प्लँट. इथं मी मामांच्या बाजूने. रिअ‍ॅक्टरच्या जॅकेटचा (बाहेरच्या वाफेच्या कवचाचा) ट्रॅप बॅच अर्ध्यात असताना चोक झाला तर थांबायला जागा नसते. बायपास नसेल तर ऑपरेटर फ्लँज ढिला करतो, आणि १४० डिग्रीची वाफ कुणाच्या तरी हातावर येते. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून कापाकापीच्या मी विरोधात.

पण आमच्याकडे जिथं खरोखर गरज आहे तिथं बायपासच्या जागी दुसरा ट्रॅपच बसवलाय, समांतर. एक बंद, एक चालू. खर्च दुप्पट, पण उघडा राहिला तरी तो ट्रॅपच असतो.

दूधवाली_इंजिनियर
सगळे बायपासवर भांडताय, पण सायझर खोटं बोलत नाहीये हे कुणी धरूनच चालत नाही. बंद केल्यावर सिलेंडर गार पडतो, हे खरं असेल तर का पडतो?

एक कारण नक्की. सिलेंडर फिरतो, आत सायफन पाइप असतो, त्यातून पाणी वर चढून रोटरी जॉइंटमधून बाहेर येतं. पाण्याची पातळी खाली गेली की त्या पाइपात वाफ शिरते. ती ट्रॅपपर्यंत पोचली की ट्रॅप बंद. मागे सिलेंडरात पाणी साचतंय, पण पाइपातली वाफ थंड होईपर्यंत ते ट्रॅपकडे येऊच शकत नाही. याला स्टीम लॉक म्हणतात. सिलेंडरला साधा फ्लोट ट्रॅप चालत नाही, एसएलआरवाला (स्टीम लॉक रिलीज) लागतो. त्यात एक बारीक सुई-व्हॉल्व्ह असतो, तो अडकलेली वाफ सतत थोडीथोडी सोडत राहतो.

फिटरमामा
थांबा थांबा मॅडम. वाफ थोडीथोडी सोडत ऱ्हातो? म्हंजे बायपासच की तो! कंपनीनं डब्याच्या आत बसवला की एसएलआर, आन आमच्या पोरानं भाईर उघडला की चोरी? ह्याला काय अर्थ हाय राव.

दूधवाली_इंजिनियर
😄 मामा, मुद्दा बिनतोड आहे. तत्त्व तेच. फरक मापाचा. सुई-व्हॉल्व्ह पाव फेरा उघडला तर केसाएवढी फट होते. १५ एमएमचा ग्लोब व्हॉल्व्ह पाव फेरा उघडला तर काय होतं, ते खळवाल्यांनी वर मांडलंच आहे.

आणि खरं नुकसान पुढचं आहे. बायपासमधून गेलेली वाफ कंडेन्सेटच्या कॉमन लाइनमध्ये जाते. तिथं बॅक प्रेशर वाढतं. शेजारच्या सिलेंडरच्या ट्रॅपला पाणी ढकलायला जो प्रेशरचा फरक लागतो तो कमी होतो. तो सिलेंडर गार पडतो. मग सायझर त्याचाही बायपास उघडतो. तुमच्याकडे ७ उघडे आहेत, पण पहिल्या दिवशी एकच उघडला असेल. खळवाले, तुमची कंडेन्सेट लाइन वरून जाते का?

खळवाला
हो, छपराखालून. ट्रॅपपासून चारएक मीटर वर.

दूधवाली_इंजिनियर
मग त्या चढातच ०.४ किलो प्रेशर गेलं. दर मीटर चढाला ०.१ किलोच्या वर धरा. प्रत्येक ट्रॅपच्या पुढे एनआरव्ही (पाणी उलट येऊ न देणारा व्हॉल्व्ह) आहे का? नसेल तर मशीन थांबल्यावर वरचं पाणी परत सिलेंडरात उतरतं, आणि सकाळी मामा म्हणतात तेवढं पाणी निघतं.

खळवाला
एनआरव्ही आहेत. चालतात का ते बघावं लागेल. टेंपरेचर गनने ट्रॅप तपासले होते, सगळे १३० च्या पुढे दाखवतात, म्हणून मी म्हटलं ट्रॅप बरे आहेत.

कोकणी_रिअ‍ॅक्टर
गनवर जाऊ नका. अडीच किलोची वाफ १३९ डिग्रीचीच असते. चालू ट्रॅप तेवढाच गरम आणि वाफ गळणाराही तेवढाच गरम. गन फक्त गार ट्रॅप पकडते, म्हणजे चोक झालेला किंवा पाणी तुंबलेला. चकचकीत स्टेनलेसवर तर ती कमीच दाखवते. थोडा काळा रंग किंवा टेप लावून मोजा. ऐकायचं असेल तर अल्ट्रासॉनिक मीटर घ्या.

फिटरमामा
न्हाईतर लांब स्क्रूड्रायव्हर. पातं ट्रॅपवर, मूठ कानाला. टीडी (चकतीवाला थर्मोडायनॅमिक ट्रॅप) असंल तर टक्-टक् थांबून थांबून वाजतोय. सलग तडतडला की डिस्क गेली समजायची. फ्लोट सलग सोडतोय म्हणून तेचा अंदाज अवघड. मीटरवाल्यांना पण अवघड, खोटं सांगू नका.

आन एक, व्हेंटमधनं वाफ दिसली की लगीच ट्रॅप गेला म्हणून बोंब नको. अडीच किलोचं पाणी टाकीत सुटलं की शेकडा ७ भाग आपसूक वाफ होतोय.

खळवाला
म्हणजे माझ्या व्हेंटमधलं सगळं नुकसान नाही, मान्य. पण १४०० किलोचा हिशोब बायपासचा आहे, तो तसाच राहतो.

कोकणी_रिअ‍ॅक्टर
एक साधा प्रश्न. ट्रॅपच्या नेमप्लेटवर प्रेशर किती लिहिलंय? पाइपचा साइज नको, डिफरन्शियल प्रेशर, म्हणजे ट्रॅपच्या दोन बाजूंच्या प्रेशरमधला फरक.

खळवाला
१४. मागच्या वर्षी बदलले तेव्हा दुकानदाराने मुद्दाम १४ चे दिले. म्हणाला दणकट आहेत, बॉयलर दहा किलोचा आहे तर कमी कशाला घेता.

कोकणी_रिअ‍ॅक्टर
हेच होतं राव प्रत्येक ठिकाणी. फ्लोट ट्रॅपमध्ये आकडा मोठा म्हणजे भोक लहान! तो गोळा पाण्यात तरंगून तरफेने व्हॉल्व्ह उघडतो. १४ किलोच्या जोराविरुद्ध उघडायचा तर भोक बारीकच ठेवावं लागतं, नाहीतर गोळ्याची ताकद पुरत नाही. तुमचा सिलेंडर अडीच किलोवर, त्यातून चढ वजा. तुम्हाला ४.५ चा लागतो, त्याचं भोक बरंच मोठं. बाहेरून बॉडी तीच, १५ एमएमच, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. बॉयलरचं प्रेशर इथं बघायचंच नसतं, पीआरव्हीच्या (प्रेशर कमी करणाऱ्या व्हॉल्व्हच्या) पुढचं बघायचं. तुमचा ट्रॅप पाणी काढायलाच कमी पडतोय. सायझर बायपास उघडून तुमच्या खरेदीची भरपाई करतोय.

फिटरमामा
आता मालक गप्प का 😄

खळवाला
गप्प नव्हतो, दिवा घेऊन मशीनखाली होतो. सगळ्या नेमप्लेटा पुसून वाचल्या. ७ वर १४ आहे. आणि ज्या २ सिलेंडरचे बायपास बंद होते, त्यांचे ट्रॅप जुने आहेत, मागच्या वर्षी बदलले नव्हते. त्यांवर ४.५ आणि खाली एसएलआर.

सायझरला दुपारी चहाला बोलावलं. बोललो नाही काही, चहाच पाजला.

तरी माझं मत पूर्ण बदललेलं नाही. ट्रॅप बदलल्यावर बायपास कापणारच. आज सायझर बरोबर होता, पण ट्रॅप बरोबर असतानाही उद्या तो सवयीने उघडणार.

फिटरमामा
कापा, तुमचं मशीन हाय. पन एक ऐका. पयल्यांदा ७ ट्रॅप बदला, बायपास बंद करा, व्हॉल्व्हची चाकं काढून तुमच्या टेबलाच्या खणात ठेवा. म्हैनाभर बघा. सिलेंडर गार पडला न्हाई तर वेल्डर बोलवा. आत्ताच कापलं आन रोटरी जॉइंटची कार्बन रिंग नायतर सायफन पाइपच तुटका निघाला, तर काय करणार? आतला सायफन मोडला की कसलाबी ट्रॅप लावा, पाणी येतच न्हाई.

दूधवाली_इंजिनियर
मामांशी सहमत, आज पहिल्यांदा. आणि नवीन ट्रॅप बसवताना बॉडीवरचा बाण बघा. गोळा वर-खाली हलेल असाच बसवायचा; आडवा केला की तो हलतच नाही. उभ्या लाइनसाठी वेगळी बॉडी येते. आधीच्या स्ट्रेनरची जाळी काढून धुऊन घ्या, नाहीतर जुना गंज पहिल्याच दिवशी नव्या सीटवर बसेल.

खळवाला
चाकं खणात, ठीक आहे. वेल्डरला महिनाभर पुढे ढकललाय. जुने ७ ट्रॅप फेकू का?

फिटरमामा
फेकू नका. बॉडी तीच असंल तर आतला ४.५ चा संच मिळतोय का बघा, निम्म्या पैशात काम हुतंय. उघडाल तवा गॅस्केट जुनं परत घालू नका. आन गोळा कानापाशी धरून हलवून बघा. खुळखुळ वाजला तर आत पाणी शिरलंय, त्यो बुडलेला गोळा. मग तेवढा मात्र फेका.