“जवळपासची प्रोफाइल उचला, चालून जातं” म्हणे!

तिसरी_घंटा
परवा इथेच एकाने लिहिलं: “शार्पी लायब्ररीत सापडली नाही तर १६ चॅनलची कुठलीही बीम पॅच करा, चालून जातं. प्रोफाइल बनवत बसणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग.” खाली अंगठ्यांची रांग. बरं, मी रिकामटेकडा. आता वाचा. नवख्यांसाठी: शार्पी म्हणजे स्टेजवरचा मान फिरवणारा, बारीक झोताचा (बीम) दिवा; आम्ही त्याला हेड किंवा पेटी म्हणतो. त्याचं प्रत्येक काम एका चॅनलवर ० ते २५५ व्हॅल्यू पाठवून होतं. कुठल्या चॅनलवर काय, हे कन्सोलला सांगणारी फाइल म्हणजे प्रोफाइल; अशा फाइलींचा साठा म्हणजे लायब्ररी; आणि ती दिव्याला जोडणं म्हणजे पॅच.

१६ चॅनल म्हणजे फक्त आकडा जुळला. क्ले पाकीच्या मूळ शार्पीत रंग १ वर आणि पॅन (मान आडवी फिरणं; वर-खाली ते टिल्ट) १० वर. आपण मंडपात ज्याला-त्याला शार्पी म्हणतो, त्यातल्या कित्येक पेट्यांत पॅनच १ वर असतो. ते लगेच कळतं, रंग बदलायला जावं तर हेड मान फिरवतं. घात होतो शेवटच्या चॅनलवर.

गेल्या साली एका एकांकिकेला भाड्याची ८ हेड होती. मीही ‘जवळपासची’ उचलली. प्रोफाइल म्हणत होती १६ वा चॅनल पॅन-टिल्ट स्पीड. पेटीत तो होता कंट्रोल, म्हणजे रीसेट, लॅम्प ऑफ असले हुकूम. शेवटच्या प्रवेशात आई खाटेवर टेकते, तिथे हेड सावकाश यावीत म्हणून मी स्पीड २१० ला ठेवला. तालमीत तो क्यू (नोंदवून ठेवलेला प्रकाशबदल) ३ सेकंदांत पुढे सरकायचा. प्रयोगात नटीने विराम घेतला, व्हॅल्यू तिथेच टिकली आणि आठही हेड रीसेटला गेली. भर शांततेत आठ माना गरागरा. प्रेक्षक हसले. ती बाई अजून माझ्याशी बोलत नाही.

आता मी एक पेटी खाली ठेवतो, तिच्या अ‍ॅड्रेसवर १६ साधे डिमर (नुसती व्हॅल्यू पाठवणारे चॅनल) पॅच करतो आणि एकेक फेडर (सरकपट्टी) ० पासून २५५ पर्यंत सरकवत वहीत लिहितो. शटर कुठे उघडतं, गोबो (झोतात नक्षी पाडणारी चकती) कुठून थरथरायला लागतो, सगळं. शेवटच्या दोन-तीन चॅनलना प्रत्येक टप्प्यावर थांबून दहा अंक मोजायचे, कारण रीसेट आणि लॅम्प ऑफ व्हॅल्यू टिकल्याशिवाय उठत नाहीत. पाऊण तास लागतो.

मंडप_किंग
दादा, तुम्हाला रंगीत तालीम मिळते. आमचा ट्रस (दिवे टांगायचा सांगाडा) ६ ला उभा राहतो, पाहुणे ७ ला. २४ हेड तीन गोदामांतून आलेली, तीन जातींची. करा तीन वेळा पाऊण तास! नवरी स्टेजवर येताना कोणी पॅन फाइन (पॅनच्या दोन पायऱ्यांमधली बारीक हालचाल) बघत नाही. बीम हलली, धूर आला, पैसे मिळाले.

निळा_जेल
पॅन फाइन न दिसणाऱ्यांसाठी हिशोब: हेड ५४०° फिरतं. फाइन चॅनल जोडलेला नसेल तर २५५ पायऱ्या, म्हणजे एक पायरी २ अंशांहून जास्त. १० मीटरवर ती साधारण ३७ सेंटिमीटरची उडी. नटाच्या नाकावरून निघाली की थेट खांद्याबाहेर. लग्नात चालेल, नाटकात नाही.

पण तिसरी_घंटा, तुमचंही चुकलंच. सावकाश हलवायचं तर कन्सोलवर फेड टाइम (बदल किती सेकंदांत व्हावा तो वेळ) द्यायचा. हेडच्या स्पीड चॅनलला हात कशाला लावला? प्रोफाइलच्या नावाने स्वतःची चूक खपवू नका.

तिसरी_घंटा
लावला, चुकलं. प्रोफाइल बरोबर असती तर ती चूक कोणाला दिसली नसती, एवढंच.

आखाती_पॅच
२०१८ पासून जीडीटीएफ आहे हो, प्रोफाइलचं सामायिक फाइल-स्वरूप! एमए, रोबे आणि वेक्टरवर्क्स या कंपन्यांनी मिळून आणलं, २०२० ला त्याचं डीआयएन स्पेक १५८०० हे जर्मन मानक झालं. इथे दुबईत आम्ही फाइल उतरवतो आणि कामाला लागतो. वही-पेन घेऊन बसलेला माणूस मी शेवटचा कॉलेजात पाहिला.

मंडप_किंग
माझ्या पेटीवर मागे फक्त ‘२३०’ छापलंय. ना कंपनी, ना मॉडेल. शोधा तिची जीडीटीएफ. शेख साहेबांनाही विचारा.

रात्रपाळी
खरा प्रश्न वेगळाच आहे. बनवलेली पर्सनॅलिटी (प्रोफाइलचंच दुसरं नाव) कोणाची? मी तीन रात्री गोदामात बसून एका भाडेवाल्याच्या टायगर टच कन्सोलवर चार जातींची हेड बसवली. तयारीच्या दिवसाचा एक रुपया नाही. पुढच्या महिन्यात त्याने निम्म्या नाईटवर (एका रात्रीच्या मजुरीवर) एक पोरगा आणला. पोरगा काय, सगळं तयार, बटण दाबलं. तेव्हापासून शो संपला की माझ्या फाइल पेन ड्राइव्हवर घेतो आणि कन्सोल पुसून निघतो.

मंडप_किंग
जेवून उठताना ताटं फोडायची ही पद्धत कोणत्या गावची? कन्सोल माझा, हेड माझी, गोदामातला चहासुद्धा माझा. आणि फाइल तुझी?

रात्रपाळी
चहाचे पैसे लावा. मग माझ्या तीन रात्रींचेही लावा.

मंडप_किंग
भाडं तेच आहे, डिझेल वाढलंय. तुम्हा लोकांना नुसती नाईट दिसते.

निळा_जेल
तुम्ही भांडा. मी माझी प्रोफाइल फुकट वाटली होती. सहा महिन्यांनी एका ‘सिनियर’ने तीच स्वतःचं नाव घालून ग्रुपवर टाकली. त्यात मी घाईत प्रिझमचं ‘प्रिसम’ केलं होतं. ते ‘प्रिसम’ आज मला अनोळखी गावांच्या कन्सोलवर भेटतं. मी दुरुस्त करत नाही.

तिसरी_घंटा
धागा प्रोफाइल कशी बनवायची याचा होता. भाड्याची भांडणं गोदामात करा.

रात्रपाळी
ज्याला नाट्यसंस्था पैसे देते त्याला धागा दिसतो.

तिसरी_घंटा
देते? प्रवासखर्च आणि वडापाव. चला, जास्त बोलायला लावू नका.

मंडप_किंग
(चार दिवसांनी) काल एका वरातीत सहा बीम चालू गाण्यात विझल्या. पोरगा ‘गोबो शेक’ म्हणून जो चॅनल हलवत होता, तो लॅम्प ऑफ निघाला. लॅम्प तापलेले, थंड होईपर्यंत पेटायला तयार नाहीत. तोवर नवरदेव मांडवात. १६ व्या चॅनलबद्दल कोणी काही बोलू नका.

तिसरी_घंटा, ते १६ डिमरवालं नीट, एकेक पायरी करून लिहा. आणि रात्रपाळी, शनिवारी गोदामात ये. तयारीची अर्धी नाईट देतो. पण कन्सोल पुसायचा नाही.

रात्रपाळी
पूर्ण.

मंडप_किंग
पाऊण. चहा तुझा.