छताचा रंग : पांढरा, पण कोणता?

हॉलच्या भिंतींचा फिकट पिस्ता रंगच छतालाही द्यावा का, हा आपला प्रश्न वाचला. छतावर खिडकीतला उजेड थेट पडत नाही, तो जमिनीवरून आणि भिंतींवरून परावर्तित होऊन पोहोचतो. त्यामुळे शेडकार्डावर फिकट दिसणारा रंग वर गेल्यावर अधिक गडद वाटतो, आणि नऊ फुटी खोलीत तो डोक्यावर उतरल्यासारखा भासतो. रंग द्यायचाच असेल, तर भिंतीच्या छटेत निम्म्याहून अधिक पांढरा मिसळून घ्यावा. साधा पांढरा दिला तरी पिस्त्याची झाक त्यावर आपोआप पडेलच. नमुना मात्र पुठ्ठ्यावर रंगवून छतालाच चिकटवून पाहावा, हातात उभा धरून नव्हे.

रंगापेक्षाही महत्त्वाची आहे ती चमक, आणि याबाबतीत मी स्वतः चुकलो आहे. धुता येईल या हौसेने स्वयंपाकघराच्या छताला चकचकीत रंग दिला. संध्याकाळी ट्यूबलाइट लावताच पुट्टीच्या पात्याचा प्रत्येक फटकारा वर उमटलेला दिसू लागला. तेव्हापासून छताला मॅटच, म्हणजे बिनचमकीचा रंगच, असा माझा (थोडासा हट्टी) आग्रह आहे. अपवाद न्हाणीघराचा, तिथे बुरशीरोधक रंग हवा.

आपण सर्वांत वरच्या मजल्यावर राहत असाल आणि छत गळत असेल, तर आधी गळती थांबवून स्लॅब पूर्ण वाळू द्यावा आणि पिवळट डागांवर डागरोधक प्रायमर (रंगाआधीचा थर) मारावा. नुसत्या इमल्शनचे (पाण्यात मिसळणाऱ्या नेहमीच्या रंगाचे) कितीही हात दिले तरी डाग पुन्हा वर येतो.