घरात कोणी शिरलं तर? बारा बोअर बंदुकीचं प्रशिक्षण हवंय (सत्तरी, गोवा)

वाळपईची_लेक: बाबा गेले. त्यांची शेतीसंरक्षणाची बारा बोअर पोलीस ठाण्यात जमा केलीय, परवाना माझ्या नावावर करायचाय. घर बागायतीत, रात्री आई आणि मी दोघीच. नुसती नेमबाजी नको, अंधारात कोणी शिरलं तर काय करायचं ते शिकायचंय. बजेट पाच हजार.

डिचोलीकर: घरात बारा बोअर फिरवायला अवघड. बत्तीस बोअरचं रिव्हॉल्वर घ्या. माझं कानपूरचं आहे, लाखभर गेले, पण झोप शांत लागते.

पेडणे_७७: रिव्हॉल्वरच्या परवान्यासाठी चपला झिजतात. आधी दहा मीटर एअर पिस्तूलचा क्लब लावा. माझा मुलगा जातो, हात स्थिर होतो.

काणकोणकार: क्लबात लख्ख उजेड, लक्ष्य जागच्या जागी. दोन वर्षांमागे रात्री काजूत पाचोळा वाजला. डुक्कर समजून मी बंदुकीचा घोडा चढवला. बॅटरी मारली तर शेजारचा, पाण्याचा पाइप हातात धरून उभा. माझं बोट चापावर होतं. अजून घाम फुटतो. शिकायचं ते हे: आधी उजेड, मग माणूस ओळखायचा, तोवर बोट चापाबाहेर.

डिचोलीकर: डुक्कर मारणंसुद्धा गुन्हाच, १९७२ चा वन्यजीव कायदा वाचा.

काणकोणकार: मारतो कोण? बार काढून पळवतो. नासधूस कोण भरून देणार?

म्हापसा_मार्केट: दोन गावठी कुत्रे पाळा. आमचे पाववाल्यालाही सोडत नाहीत.

साखळीची_मावशी: बाय, २०१६ च्या शस्त्र नियमांत सुरक्षा प्रशिक्षणाचा दाखला आहे, नमुना एस-१. कुणाचा दाखला चालतो ते पैसे भरण्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयात विचार. भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ कलमंही वाच. स्वसंरक्षणाचा हक्क आहे, पण गरजेपुरताच. पळणाऱ्याच्या पाठीत छर्रे घातलेस तर उत्तर तुलाच द्यावं लागेल. शिवाय निवडणूक लागली की बंदुका ठाण्यात जमा करायला सांगतात. त्या दिवसांत घराला काय?

पेडणे_७७: म्हणूनच म्हणतो, आधी क्लब.

वाळपईची_लेक: मावशीचा शेवटचा प्रश्न रात्रभर डोक्यात होता. दाखला काढून बंदूक माझ्या नावावर करते, पण बागायतीपुरतीच. रात्री ती कपाटात कुलपात, काडतुसं वेगळीकडे. पाच हजारांतून आईच्या खोलीचं दार फणसाच्या फळ्यांचं करून घेते, आतून अडसर. सुतार सोमवारी येतोय. आवाज आला की दोघी आत आणि ११२ ला फोन.

डिचोलीकर: अडसर किती वेळ टिकणार? बत्तीसच घ्या.