डिपेंडन्सीचं (आपल्या कोडात घेतलेल्या बाहेरच्या लायब्ररीचं) लायसन्स माणसानं बघायचं का टूलवर सोडायचं?

शिरोलीकर:
शाहू मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडत्यांसाठी बिलिंग ॲप करतोय, अपाची २.० या मोकळ्या लायसन्सखाली ओपन सोर्स. नवीन लायब्ररी घ्यायच्या आधी लायसन्स मला दाखवा म्हटलं तर पोरं तोंड फिरवायलेत. परवा एकानं बिलाच्या पीडीएफसाठी आयटेक्स्ट ५ ही लायब्ररी टाकली, तिचं लायसन्स एजीपीएल, म्हणजे आपला सोर्सही त्याच अटीवर उघडा ठेवायला लावणारं! रिव्ह्यूत अडवलं. माझं काय चुकतंय?

राजारामपुरी_जावा:
भावा, एका एनपीएम (जावास्क्रिप्टची पॅकेज आणणारं टूल) इन्स्टॉलमागं शेकडो पॅकेज येतात, तू कुठली कुठली बघणारैस? सीआयमध्ये (कोड आला की आपोआप तपासणारी यंत्रणा) लायसन्सचा स्कॅनर लाव, जीपीएल (एजीपीएलचाच भाऊ) दिसलं की बिल्ड फेल, विषय एंड. आणि एजीपीएलनं बिघडलं काय, सोर्स तर तू देतोयसच की.

शिरोलीकर:
बिघडतंय की. रिपोवर अपाची लिहिलंय म्हणजे कुणी हे घेऊन, बदलून, स्वतःचं बंद प्रॉडक्ट विकलं तरी चालतंय असा शब्द दिलाय आपण. आत एजीपीएल बसलं की ते जमत नाही, बदल करून नुसतं सर्व्हरवर चालवलं तरी वापरणाऱ्याला सोर्स द्यावा लागतोय. इचलकरंजीचा एखादा पोरगा विश्वासानं उचलणार आणि तोच अडकणार. आणि स्कॅनर वाचतो काय, तर पॅकेजवर जे लिहिलंय तेच. माइममॅजिक आठव, रेल्स या वेब फ्रेमवर्कला लागणारी लायब्ररी. वर एमआयटी हे सैल लायसन्स, आत जीपीएल २ वाल्या डेटाची एक्सएमएल. मार्च २०२१ मध्ये जुनी व्हर्जन मागं घेतली आणि लोकांचे रेल्सचे बिल्ड धडाधड पडले.

रंकाळा_रिव्ह्यू:
मधी पडतो जरा. 'जीपीएल दिसलं की फेल' हे पण अर्धवटच हाय. टेस्टिंगचं टूल जीपीएल असलं तर असूदे, ते काय आपण अडत्याला देत नाही. अपाचीचा कोड जीपीएल ३ च्या प्रोजेक्टात चालतो, 'फक्त जीपीएल २' वाल्यात पेटंटच्या कलमामुळं चालत नाही असं एफएसएफ (जीपीएल लिहिणारी फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन) म्हणते, हे स्कॅनरचं कॉन्फिग लिहिणाऱ्याला माहीत पायजे ना. आणि एमआयटी दिसलं की सगळे खूश, पण त्यातली कॉपीराइटची नोटीस बरोबर द्यायची अट कोण पाळतंय? मिनिफाय (कोड दाबून लहान) करताना उडाली की गेली.

राजारामपुरी_जावा:
माइममॅजिक तर माझ्याच बाजूनं हाय. ती एमआयटी म्हणून माणसांनीच वापरली होती ना? तू तरी आतली एक्सएमएल उघडून बघितली असतीस काय, खरं सांग.

शिरोलीकर:
आतली फाईल न् फाईल कोणच उघडत नाही रे. पण थेट घेतलेल्या लायब्ररी तर हाताच्या बोटावर मोजण्याइतक्या, आणि आयटेक्स्टचं एजीपीएल त्यांच्या पानावर लिहिलेलं हाय, लपवलेलं नाही. आता ओपनपीडीएफ घेतोय, जुन्या आयटेक्स्ट ४ वरनं निघालेली, एलजीपीएल आणि एमपीएल लायसन्सची, आपला कोड उघडा करायला न लावणारी. सगळे बिलाचे फॉरमॅट आयटेक्स्टवर लिहून झाल्यावर कळलं असतं तर ते इम्पोर्ट बदलत कोण बसणार होतं, तू?

राजारामपुरी_जावा:
बदलले असते की, दुपारभराचं काम. तू गावाला गेलास की पीआर (कोडातला बदल घ्यायची विनंती) कुणाच्या नावानं थांबणार, ते सांग आधी.