राउंडहाउस किक कमरेच्या वर जातच नाही

निळापट्टा:
तायक्वांदो शिकतोय. आप चागी (समोरची सरळ किक) छातीपर्यंत सहज जाते, पण दोल्यो चागी (बाजूने फिरवून मारायची राउंडहाउस किक) मारताना पाय कमरेच्या वर गेला की खुब्यात काहीतरी अडतं आणि तोल जातो. खाली बसून पाय बऱ्यापैकी फाकतात, स्ट्रेचिंग रोज चालू आहे. मग किकमध्येच का अडतं? टेकलेल्या पायाचा गुडघाही हल्ली दुखतो.

सरावताई:
गुडघ्याचं शेवटी लिहिलंत, पण मला तेच महत्त्वाचं वाटतं. तुमचं टेकलेलं पाऊल वळत नसणार. किक लागते तेव्हा त्या पायाची टाच लक्ष्याकडे वळलेली हवी. पाऊल जागेवर रुतून राहिलं आणि कंबर फिरली की सगळा पीळ गुडघ्यात उतरतो. सूज असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, आणि दुखणं थांबेपर्यंत उंच किक बंद. यात मी कुणालाच सूट देत नाही.

अडण्याचं मूळही तिथेच. पाय नुसता बाजूला उचलला तर खुब्यात हाडाला हाड अडतं, आणि हाड काही स्ट्रेचिंगने लांबत नाही. पाऊल वळलं की कंबर उलटते, मांडीला वर यायला वाट मिळते.

भिंतीला हात टेकवून अगदी सावकाश करा. गुडघा वर, टाच नितंबाजवळ, थांबा. आता टेकलेलं पाऊल वळवा. मगच पाय सोडा, आणि गेला तसाच दुमडून परत आणा, धपकन पडू देऊ नका. वेगात सगळं झाकलं जातं, सावकाश किकमध्ये ताकद कुठे कमी पडते ते लगेच कळतं. बसून पाय फाकतात कारण जमीन आधार देते. किकमध्ये पाय स्वतःच्या बळावर धरायचा असतो.

नडगी:
ताईंशी सहमत. आम्ही मुए थाईवाले (थाई बॉक्सिंग) नडगीने मारतो, गुडघा इतका दुमडत नाही, तरी चवड्यावर वळणं सुटत नाही. एक भर घालतो: सरावाआधी पाय झुलवून अंग गरम करा, ताणून धरायचं स्ट्रेचिंग शेवटी ठेवा.

निळापट्टा:
मोबाइलवर व्हिडिओ काढून पाहिला. पाऊल खरंच जेमतेम वळतंय. वळताना टाच किती उचलायची?

सरावताई:
खालून कागद सरकेल इतकीच. जास्त उचललीत तर पुन्हा तोल जाईल.