मदत हवी आहे: मावशीचं पेमेंट ॲप कायमचं लॉक झालंय, वॉलेटमधले पैसे कसे सोडवायचे?

नमस्कार मंडळी, तातडीचं आहे म्हणून जरा लांब लिहितेय, प्लीज पूर्ण वाचा.

माझी मावशी ठाण्यात वर्तकनगरला राहते, घरूनच पोळीभाजीचे डबे देते. गिऱ्हाईक बहुतेक वागळे इस्टेटमधल्या ऑफिसांतलं, आणि महिना संपला की सगळे मोबाईलवरच पैसे टाकतात, रोख आता कोणी देतच नाही. तिने क्यूआरचा स्टिकर डब्याच्या झाकणालाच लावलाय म्हणजे जेवता जेवता स्कॅन करता येतो. तर ऐन पैसे यायच्या दिवसांत ॲप उघडायला गेली तर लॉगिनच होईना, मेसेज असा की नियमांचं उल्लंघन झाल्यामुळे तुमचं खातं कायमचं बंद केलंय, निर्णय अंतिम आहे. कुठला नियम, कुठला व्यवहार, काहीही लिहिलेलं नाही. ॲपचं नाव मुद्दाम देत नाहीये, मला भांडण नकोय, तिचे पैसे हवेत.

मदत मागायची सोय ॲपच्या आत, आणि आत जायला लॉगिन लागतं. फोन केला तर मशीन रजिस्टर्ड नंबर टाकायला सांगतं, टाकला की हे खातं सक्रिय नाही म्हणून कॉल तुटतो. ईमेलला दरवेळी तोच मजकूर येतो आणि तिकीट क्लोज. माणूस म्हणून कोणाशी बोलणंच झालेलं नाही.

वॉलेटमध्ये साडेआठ हजारांच्या आसपास आहेत, गॅस आणि किराण्यासाठी ती बाजूला ठेवते ते. केवायसी म्हणाल तर सुरुवातीला आधारचा ओटीपी दिला होता तेवढंच, व्हिडिओ कॉलवालं झालेलं नाही. बँकेचं खातं चालू आहे, पासबुक भरून आणलं, बँकवाले म्हणतात आमच्याकडून काही अडकवलेलं नाही. पण डब्यावरचा क्यूआर स्कॅन केला की पेमेंट फेल होतंय, आणि एका मुलीच्या खात्यातून पैसे कापले गेले पण मावशीकडे आलेच नाहीत.

फसवणूक इतकी वाढलीय की कंपन्यांनी कडक वागावं हे मला मान्य आहे, संशय आला तर थांबवा, चौकशी करा. पण कारण न सांगता कष्टाचे पैसे आत ठेवून दार लावून घ्यायचं हे मला अजिबात पटत नाही, मावशीला तर आपण काय गुन्हा केला हेच कळत नाहीये आणि ती रोज तेच विचारते. वॉलेटमधले पैसे गेले असं समजायचं का? बँकेच्या खात्यालाही धोका आहे का? आणि सीबीडी बेलापूरला रिझर्व्ह बँकेचं ऑफिस आहे तिथे तिला घेऊन गेले तर काही होईल का? ज्यांना अनुभव आहे त्यांनी सांगा.

ऐरोलीकर:
ताई, आधी मावशींना सांगा की पैसे गेलेले नाहीत. दोन गोष्टी वेगळ्या करून बघा. यूपीआयचे पैसे ॲपमध्ये नसतातच, ते थेट बँकेत असतात, ॲप फक्त मधला रस्ता. तो रस्ता बंद झाला तर दुसरा धरायचा, बँकेचं स्वतःचं ॲप किंवा भीम, त्याच सिमवरून त्याच बँक खात्याला जोडायचं, नवीन यूपीआय आयडी आणि नवीन क्यूआर मिळतो. हे आजच करा, झाकणावरचे जुने स्टिकर काढून टाका.

वॉलेटची गोष्ट वेगळी, ते पैसे खरंच कंपनीकडे ठेवलेले असतात. पण तिथेही रिझर्व्ह बँकेचे 2021 चे प्रीपेड साधनांचे, म्हणजे वॉलेट वगैरेंचे, नियम आहेत. अर्धवट केवायसीच्या वॉलेटमध्ये कधीही 10,000 च्या वर शिल्लक ठेवता येत नाही, पूर्ण केवायसी असेल तर 2 लाखांपर्यंत. अर्धवटवाल्यातून एरवी बँकेत पैसे पाठवता येत नाहीत हे खरं, पण वॉलेट बंद करताना उरलेली रक्कम जिथून भरली त्या खात्यात परत, किंवा केवायसी पूर्ण करून बँक खात्यात द्यायची तरतूद त्यातच आहे. म्हणून ईमेलमध्ये "माझं खातं अनलॉक करा" असं लिहीत बसू नका, त्यावर तेच छापील उत्तर येणार. "वॉलेट बंद करून शिल्लक माझ्या बँक खात्यात द्या, त्यासाठी केवायसी करायला मी तयार आहे" असं लिहा. मागणी बदलली की ती वेगळ्या माणसाकडे जाते, निदान माझ्या बाबतीत तरी तसं झालं.

ज्या मुलीचे पैसे कापले गेले तिने तिच्या ॲपमधून त्या व्यवहारावरच तक्रार टाकायची, मावशींनी नाही. 2019 च्या परिपत्रकानुसार असे पैसे माणसाला पाठवले असतील तर दुसऱ्या दिवसापर्यंत आणि दुकानदाराच्या क्यूआरवर असतील तर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत, नाही आले तर पुढे दिवसाला 100 रुपये भरपाई आहे.

खारेगाव कळवा:
वरचं सगळं बरोबर, एक मुद्दा राहिला. कंपनीला लेखी विचारा की हे लॉक तुमच्या स्वतःच्या निर्णयाने आहे का पोलिसांच्या सांगण्यावरून. फार फरक पडतो. माझ्या मेहुण्याचं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे, एका गिऱ्हाइकाने दिलेले पैसे कुठल्यातरी फसवणुकीतून फिरत आलेले निघाले आणि त्याच्या खात्यातली तेवढी रक्कम अडकली. तक्रार होती भलत्याच राज्यात, बँकेकडून त्या तक्रारीचा नंबर आणि पोलीस ठाण्याचं नाव घेतलं, बिलाची कॉपी आणि गिऱ्हाइकाचे मेसेज त्या तपास अधिकाऱ्याला पाठवले तेव्हा कुठे सुटलं. तसं असेल तर कंपनीशी कितीही भांडून उपयोग नाही. मावशींच्या बँकेत काही अडकलेलं नाही म्हणजे बहुतेक तसं नसावं, तरी विचारा. आणि डब्यांची वही असेल ना, कोण गिऱ्हाईक, किती पैसे, ती जपून ठेवा, लागली तर तोच पुरावा.

धागाकर्ती:
दोघांचे खूप आभार. वही आहे, मावशी रोजचा हिशेब लिहिते, तारखेसकट.

एक विचारायचंय, हा धागा टाकल्यावर मला एक मेसेज आलाय की आम्ही त्याच कंपनीच्या बॅकएंडला आहोत, थोडी फी आणि स्क्रीन शेअर करायचं ॲप घेतलं तर खातं उघडून देतो. हे खरं असतं का कधी?

ऐरोलीकर:
नाही, कधीच नाही. ब्लॉक करा आणि मावशींच्या फोनवर असला कॉल आला तर उचलू नका म्हणावं. लॉक झालेल्या माणसाला शोधूनच हे लोक येतात कारण तो घाबरलेला असतो. गुगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधला तरी पहिले काही नंबर अशाच लोकांचे असू शकतात, कंपनीच्या स्वतःच्या साइटवरचाच घ्या. कोणाचे पैसे गेलेच तर लगेच 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, त्यात वेळ घालवायचा नाही.

घणसोलीची मीनलताई नव्हे, नुसती घणसोली:
बेलापूरला जायची दगदग मावशींना देऊ नका. तक्रार ऑनलाइनच जाते, रिझर्व्ह बँकेच्या तक्रारींच्या सीएमएस पोर्टलवर, कागदावर पाठवायची असेल तर चंदीगडच्या सेंटरला पोस्टाने, फी एक पैसा नाही. रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेत बँकांबरोबर वॉलेटवाल्या कंपन्याही येतात. पण थेट जाता येत नाही, आधी कंपनीकडे लेखी तक्रार हवी आणि 30 दिवसांत उत्तर नाही किंवा आलेलं उत्तर पटलं नाही तरच. त्यामुळे पहिल्या ईमेलची तारीख आणि तिकीट नंबर सांभाळा. कंपनीच्या साइटवर तळाशी तक्रार निवारण म्हणून पान असतं, तिथे नोडल ऑफिसरचा, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याचा, पत्ता द्यावाच लागतो, कस्टमर केअर सोडून त्याला लिहा. काही अडलं तर रिझर्व्ह बँकेच्या 14448 वर विचारा.

धागाकर्ती:
सगळ्यांना कळवते. बँकेच्या ॲपवर नवीन क्यूआर घेतला, झाकणांवर लागले आणि या वेळचे पैसे यायला सुरुवात झालीय. त्या मुलीचे पैसे तिच्या खात्यात परत आले. नोडल ऑफिसरला ऐरोलीकरांनी सांगितलं तसं लिहिलं आणि पहिल्यांदा छापील नसलेलं उत्तर आलं, लॉक कंपनीचंच आहे आणि शिल्लक द्यायची तयारी आहे, पण खातं परत उघडणार नाहीत आणि कारण याही वेळी सांगितलेलं नाही. आधार, पॅन आणि कॅन्सल चेक मागितलाय. आधार ईमेलवर पाठवणं सेफ आहे का?

घणसोली:
मास्क्ड आधार पाठवा, आधारच्या सरकारी साइटवरून डाउनलोड होतं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. प्रत्येक कॉपीवर "फक्त वॉलेट बंद करण्यासाठी" असं लिहून सही आणि तारीख. पाठवायच्या आधी ईमेल ज्या पत्त्यावरून आलाय तो साइटवरच्या पत्त्याशी अक्षर न् अक्षर जुळवून बघा. ओटीपी किंवा पिन मागितला तर तिथेच थांबा. आणि कारण हवं असेल तर पैसे जमा झाल्यावरही रिझर्व्ह बँकेकडे वेगळी तक्रार करता येते, मावशींना विचारून ठरवा.

धागाकर्ती:
विचारलं. म्हणाली, पैसे आले तरी कारण विचारायचंच. त्यामुळे कागद उद्या पाठवतेय आणि त्याच ईमेलमध्ये तो प्रश्नही टाकतेय.